गोळी खोटी, धमकी खरी

10 मार्च 2019, रविवार. हैदराबादच्या गच्चीबावली इनडोअर स्टेडियममध्ये ‘पब्जी मोबाइल इंडिया सिरीज’ची अंतिम फेरी रंगली होती. देशभरातून गाळून-गाळून वर आलेले वीस संघ, एकूण एक कोटी रुपयांची बक्षिसं, मंचावर ओळीने बसलेली विशीच्या आतबाहेरची पोरं, हातात मोबाइल, कानात हेडफोन आणि डोक्यावरच्या अजस्र पडद्यावर चाललेला गोळीबार. मुंबईचा नमन माथुर, म्हणजे चाहत्यांचा ‘मॉर्टल’, याचा ‘सोल’ संघ जिंकला आणि 30 लाख रुपये घेऊन गेला.

त्याच्या चारच दिवस आधी, 6 मार्चला, राजकोटच्या पोलिस आयुक्तांनी अधिसूचना काढून शहरात हाच खेळ खेळायला बंदी केली होती. हैदराबादचा जल्लोष ओसरतो न ओसरतो, तोच राजकोट पोलिसांनी पब्जी खेळताना सापडलेल्या दहा तरुणांना अटक केली. त्याच आठवड्याच्या अखेरीस हिंगोलीत रुळांजवळ मोबाइलवर खेळण्यात गुंगलेले दोन तरुण हैदराबाद–अजमेर गाडीखाली सापडून गेले.

एकाच खेळाला एका शहरात बक्षीस मिळालं, दुसऱ्या शहरात कोठडी मिळाली, तिसऱ्या गावात त्याच्यापायी दोन जीव गेले. एवढ्या टोकाच्या गोष्टी एका आठवड्यात घडल्यावर घराघरांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: हे खेळ आपल्या मुलांना हिंसक बनवतात का? या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाकडे बऱ्यापैकी आहे. पण या प्रश्नाच्या नादात आपण दुसऱ्या एका हिंसेकडे डोळेझाक केली. ती पडद्यावर घडत नाही. ती खेळाच्या चाहत्यांकडून खऱ्या माणसांवर होते.

पडद्यावर काय चालतं

ज्यांनी पब्जी कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभर खेळाडू एका विमानातून पॅराशूटने बेटावर उतरतात. हातात काहीच नसतं. ओसाड घरांतून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करायची. नकाशावर एक वर्तुळ असतं, ते ठरावीक वेळाने आकसत जातं आणि त्याच्या बाहेर राहील त्याचा जीव हळूहळू कमी होतो. त्यामुळे सगळे एकमेकांच्या जवळ ढकलले जातात. शेवटी जो उरेल तो विजेता, त्याच्या पडद्यावर ‘चिकन डिनर’ची पाटी. चौघांचा संघ असेल तर सगळा वेळ माइकवर बोलणं चालू असतं: समोरच्या घरात दोघं आहेत, झोन येतोय, मी नॉक झालो (म्हणजे कोसळलो), रिवाइव दे (म्हणजे मला उठव). खेळणाऱ्याचं लक्ष मारण्यापेक्षा जास्त वेळ लपण्यावर, ऐकण्यावर आणि साथीदाराला वाचवण्यावर असतं. बाहेरून बघणाऱ्या आईबापांना मात्र बंदूक आणि आरडाओरडा एवढंच दिसतं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

2019 च्या सुरुवातीला ही काळजी सगळीकडे पोचली होती. जानेवारीच्या अखेरीस पंतप्रधानांच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी लगेच विचारलं, पब्जीवाला आहे का? त्याच महिन्यात एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून या खेळावर बंदी मागितली. हा खेळ हिंसेला, आक्रमकतेला आणि गुंडगिरीला खतपाणी घालतो, असं त्याचं म्हणणं होतं.

याआधी महाराष्ट्राला एक धडा मिळाला होता. 2017 च्या जुलैत मुंबईत एका चौदा वर्षांच्या मुलाचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला आणि मुलांना जीव द्यायला लावणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या तथाकथित खेळाची आवई देशभर उठली. शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, वृत्तवाहिन्यांनी रात्री रंगवल्या. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने अशा मृत्यूंचा तपास केला, मुलांचे फोन आणि इंटरनेटचा वापर तपासला. 2018 च्या जानेवारीत तेव्हाचे गृहराज्यमंत्री, चंद्रपूरचे हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं की यापैकी एकाही घटनेत ब्लू व्हेलचा सहभाग सिद्ध झालेला नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्यात सगळा देश गुंतला होता, आणि मुलं का खचली हा प्रश्न तसाच राहिला.

विज्ञान काय म्हणतं

हा वाद भारतात नवा असला तरी जगात जुना आहे. 1976 मध्ये अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाच्या खेळावर गदारोळ झाला. त्यात गाडीने काड्यांसारख्या आकृत्या चिरडायच्या होत्या. 1993 च्या डिसेंबरात ‘मॉर्टल कॉम्बॅट’वरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी खेळांना वयानुसार श्रेणी देणारी यंत्रणा उभी राहिली. 1999 मध्ये कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर ‘डूम’ या खेळाकडे बोट दाखवलं गेलं. 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना हिंसक खेळ विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. असे खेळ मुलांना आक्रमक करतात, हे राज्याने मांडलेल्या संशोधनातून सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं.

या संशोधनातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत कुणाला भांडायला लावता येत नाही, म्हणून ‘आक्रमकता’ आडवळणाने मोजावी लागते. एक प्रसिद्ध पद्धत अशी: तुम्हाला सांगतात की शेजारच्या खोलीत तुमचा प्रतिस्पर्धी आहे. जो आधी बटण दाबेल तो जिंकला. हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडला जाईल, तो किती मोठा आणि किती वेळ हे तुम्ही ठरवायचं. प्रतिस्पर्धी खरा नसतोच. हिंसक खेळ खेळून आलेल्याने आवाजाचा काटा थोडा जास्त वर नेला, तर त्याची आक्रमकता वाढली असं धरायचं. काटा थोडा वर नेणं आणि माणसावर हात उगारणं यांत जे अंतर आहे, ते हा प्रयोग पार करू शकत नाही. शिवाय आवाजाची पातळी मोजायची की कालावधी, की दोन्हींचा गुणाकार, हे संशोधक आपापल्या परीने ठरवत आले आणि त्यानुसार निष्कर्षही बदलत गेले.

ही पळवाट बंद करायची म्हणून ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांनी आपण काय मोजणार आणि कसं मोजणार हे आधीच जाहीर करून टाकलं, मग अभ्यास केला. ब्रिटनमधली 14 आणि 15 वर्षांची सुमारे हजार मुलं त्यांनी निवडली. मुलांची वागणूक कशी आहे हे पालकांना विचारलं, खेळ किती हिंसक आहे हे अधिकृत श्रेणीवरून ठरवलं. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध आढळला नाही. हा अभ्यास प्रसिद्ध झाला 2019 च्या फेब्रुवारीत, गच्चीबावलीच्या स्पर्धेच्या महिनाभर आधी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2018 मध्ये 24 अभ्यासांची आणि 17,000 हून अधिक मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हिंसक खेळ आणि पुढे वाढणारी शारीरिक आक्रमकता यांत छोटा, पण खरा संबंध दिसला. अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये दोन्ही बाजू तोलून भूमिका मांडली. ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, परंतु गंभीर हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. तसं केल्याने खऱ्या कारणांवरून लक्ष उडतं, असंही या संस्थेने बजावलं.

आपल्याकडची दुखरी जागा

आपल्याकडच्या ज्या घटना गाजल्या त्या नीट पाहिल्या तर एक धागा सापडतो. 2019 च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या मलकाजगिरी भागात दहावीतल्या एका मुलाने जीव दिला. परीक्षेच्या दिवसांत खेळत बसल्याबद्दल आई रागावली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगावजवळच्या काकतीत एका तरुणाने वडिलांचा खून केला. तिथेही वडिलांनी मोबाइलवर खेळायला मज्जाव केल्याचा वाद होता. पडद्यावर जे पाहिलं ते करून दाखवलं, असं या घटनांत नाही. फोन काढून घेतला जाणं, त्यावरून पेटलेला संताप किंवा कोसळलेलं मन, अभ्यासाचं ओझं, आणि हे सगळं कुणाशी बोलायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसणं, हे यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मे महिन्यात आजारांच्या अकराव्या सूचीला मान्यता दिली, त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. तिची व्याख्या वाचण्यासारखी आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ न थांबणं. आणि हे साधारण वर्षभर टिकलेलं असणं. बंदूक, रक्त, गोळीबार यांचा तिथे उल्लेखही नाही. शेतीचा खेळ असो वा युद्धाचा, ताबा सुटणं हाच आजार. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी फोन हिसकावण्याआधी बोलायला माणूस शोधावा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे.

सरकारने पब्जीवर बंदी घातली तीही हिंसेच्या कारणाने नव्हे. 2 सप्टेंबर 2020 रोजी 118 ॲपवर जी बंदी आली, तिचा आधार देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती हा होता. जुलै 2021 मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने तो परत आला, तेव्हा कंपनीने रक्ताचा रंग हिरवा केला आणि अल्पवयीन मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. रंग बदलण्याने काय साधलं हे सांगता येत नाही. तासांची मर्यादा मात्र दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारी होती.

खरी माणसं, खरा मारा

आता दुसऱ्या हिंसेकडे वळू. 2013 च्या जुलैत ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स 2’ या खेळात एक छोटी दुरुस्ती झाली. एका बंदुकीच्या दोन गोळ्यांमधला वेळ 0.2 सेकंदांवरून 0.4 सेकंद करण्यात आला, कारण ती बंदूक बाकीच्यांपेक्षा फारच वरचढ ठरत होती. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा हा फरक. तो जाहीर करणाऱ्या डेव्हिड वॉन्डरहार या डिझायनरला त्यासाठी ठार मारण्याच्या, त्याच्या कुटुंबाला इजा करण्याच्या धमक्या आल्या. 2020 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ या खेळात ॲबी नावाचं पात्र चाहत्यांच्या लाडक्या नायकाला मारतं. त्या पात्राला केवळ आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला आणि तिच्या लहान मुलालाही मारण्याच्या धमक्या आल्या. 2014 मध्ये ‘गेमरगेट’ नावाने जी मोहीम चालली, तिच्यात खेळ बनवणाऱ्या आणि खेळांवर लिहिणाऱ्या स्त्रियांचे पत्ते उघड केले गेले. काहींना घर सोडावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात समीक्षक अनिता सर्कीसियन यांना सामूहिक गोळीबाराच्या धमकीमुळे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं.

हे आपल्यापासून दूर आहे असं समजायचं कारण नाही. 10 सप्टेंबर 2020 रोजी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या खेळाच्या नव्या आवृत्तीची झलक आली. ती बनवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. भारतातल्या स्टुडिओंकडे एवढ्या मोठ्या नावाच्या खेळाची धुरा पहिल्यांदाच आली होती. झलकेतलं चित्रण जुनाट दिसत होतं, ही टीका रास्त होती. पण टीका चित्रणावर थांबली नाही. हे भारतीयांना दिलंच कशाला, यांना काय जमणार, स्वस्तातलं काम असंच असतं, अशी शेरेबाजी जगभरच्या चाहत्यांनी केली. पुण्यात संगणकासमोर बसून एखाद्या भिंतीची सावली दहादा दुरुस्त करणाऱ्या मुलामुलींनी ती वाचली. खेळ आधी जानेवारी 2021 मध्ये यायचा होता, तो मार्चवर गेला, मग बेमुदत लांबला. मे 2022 मध्ये तो माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवला गेला आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो रद्दच केला.

आणि आपले चाहतेही यात मागे नाहीत. पब्जीवर बंदी आल्यानंतर दोनच दिवसांनी अक्षय कुमारने ‘फौजी’ या भारतीय खेळाची घोषणा केली. 26 जानेवारी 2021 रोजी तो आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्यातली हातघाईची लढाई होती आणि पब्जीसारखा शंभर जणांचा सामना नव्हता. प्ले स्टोअरवर साडेचारच्या आसपास सुरू झालेलं त्याचं रेटिंग काही दिवसांत तीन-साडेतीनवर घसरलं. खेळ अपुरा आहे, ही तक्रार खरी होती. पण एक तारा देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आम्हाला पब्जी परत हवा, एवढंच लिहिलं होतं. बंदी सरकारने घातली, शिक्षा बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीला झाली.

छळण्याचा हक्क येतो कुठून

चाहत्यांना शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्यांची तक्रार पूर्ण निराधार नसते. आजचे बहुतेक मोबाइल खेळ फुकट मिळतात आणि कमाई करतात ती पोशाख, बंदुकांचे रंग, पास यांच्या विक्रीतून. पॉकेटमनी साठवून घेतलेला पोशाख मुलाला आपला वाटतो. करारात मात्र लिहिलेलं असतं की हे सगळं कंपनीचं, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. 30 ऑक्टोबर 2020 रोजी भारतातले पब्जी मोबाइलचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा दोन-दोन वर्षांची कमाई एका रात्रीत दिसेनाशी झाली. पुढे ती नव्या खेळात हलवता आली, पण तोवर सुमारे आठ महिने लोटले होते. ‘हा खेळ तुमचाच आहे’ असं जाहिरातीत रोज सांगायचं आणि वेळ आली की करार पुढे करायचा, हा उद्योगाचा दुटप्पीपणा आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते पहिल्या वादाशी जोडलेलं आहे. गेली पन्नास वर्षं खेळणाऱ्यांना सांगितलं गेलं की तुम्ही होऊ घातलेले गुन्हेगार आहात. राजकोटमध्ये तर त्यासाठी पोलिसांनी उचलून नेलं. ज्याच्यावर सतत खोटा आरोप होतो तो खरी टीकासुद्धा ऐकेनासा होतो. या खेळांत स्त्रियांना कसं दाखवतात, असं कुणी विचारलं की चाहत्यांच्या कानावर पडतं: आले पुन्हा बंदी मागणारे. माइकवर मुलीचा आवाज ऐकला की शिवीगाळ सुरू होते, म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात, हे दाखवून दिलं तर उत्तर येतं: आमच्या खेळाला बदनाम करू नका. चुकीच्या आरोपाने चाहत्यांना छळलं गेल्याची भावना दिली आणि त्या भावनेने त्यांना दुसऱ्यांना छळण्याचा परवाना मिळाल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजू एकमेकींना पोसत आल्या आहेत.

तक्रार कशी करावी

चाहत्यांनी रागावू नये, असं नाही. 2012 मध्ये ‘मास इफेक्ट 3’ या खेळाच्या शेवटावर चाहते भडकले. तीन खेळांत मिळून शेकडो निर्णय घ्यायला लावले आणि शेवटी तीन रंगांतले जवळजवळ सारखेच शेवट दिले, ही त्यांची तक्रार. त्यांनी वर्गणी काढून बायोवेअर कंपनीच्या कार्यालयात 402 कपकेक पाठवले: लाल, हिरवे आणि निळे, चव सगळ्यांची एकच. आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी हजारो डॉलर निधीही याच निषेधातून उभा राहिला. कंपनीने ते केक निवाऱ्यातल्या लोकांना दिले आणि त्याच जूनमध्ये शेवट विस्ताराने मांडणारा भाग मोफत प्रसिद्ध केला. तक्रार धारदार होती, मुद्द्याला धरून होती, आणि तिने कुणाच्या घराचा पत्ता शोधला नाही.

हैदराबादला हे समजून घेण्याची विशेष गरज आहे. गच्चीबावलीच्या स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर, एचआयसीसी आणि हायटेक्स या संमेलन-केंद्रांच्या परिसरात, 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षं देशभरातल्या गेम बनवणाऱ्यांची परिषद भरली. याच शहरातल्या ओगर हेड स्टुडिओने 2017 मध्ये ‘असुरा’ हा आपल्या पुराणकथांच्या मातीतला खेळ जगापुढे आणला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला, ज्याची नायिका भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी आहे. खेळ बनवणारी माणसं आता आपल्याच शहरांत राहतात, आपल्याच कॉलेजांतून निघतात. कळफलकावरून फेकलेली शिवी अमेरिकेत पडेल की आपल्याच शेजाऱ्याच्या अंगावर, हे आता सांगता येत नाही.

कायदा नेमका असेल तर उपयोगी पडतो. तेलंगणाने 2017 मध्येच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. कर्जात बुडवणारा पैशांचा खेळ वेगळा आणि ई-स्पोर्ट्स वेगळे, हा फरक त्यात केलेला आहे. हाच नेमकेपणा बाकीच्या बाबतीतही हवा. पालकांनी बंदूक पाहून घाबरण्यापेक्षा तास मोजावेत, झोप मोजावी आणि मुलगा माइकवर समोरच्याशी कोणत्या भाषेत बोलतो ते ऐकावं. कंपन्यांनी शिवीगाळ करणाऱ्याचं खातं तितक्याच तत्परतेने बंद करावं, जितक्या तत्परतेने त्या फसवून जिंकणाऱ्याचं करतात. आणि ज्यांना लाखो मुलं रोज पाहतात त्या स्ट्रीमर मंडळींनी एखाद्या डिझायनरवर चाहते सोडण्याआधी आपल्या शब्दाचं वजन ओळखावं.

खेळावर प्रेम करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा, नापसंती सांगण्याचा, पैसे परत मागण्याचा पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याला भीती घालण्याचा हक्क कुठल्याच पासबरोबर विकत मिळत नाही. खेळ हिंसक बनवत नाहीत, असं जगाला पटवून द्यायचं असेल तर ते काम कुठल्याही अभ्यासापेक्षा चाहत्यांच्या वागण्यानेच जास्त चांगलं होईल. ती जबाबदारी घेण्याइतके ते आता मोठे झाले आहेत, आणि त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवणं हाच त्यांचा मान आहे.